वसाहतवाल्यांची दप्तरे

सुरत शहराच्या आग्नेयेस, उधन्याच्या पलीकडे, डिंडोली नावाचे जुने गाव आहे. आता त्यास गाव म्हणणे धाडसाचेच ठरेल, कारण शहराने त्याला केव्हाच पोटात घेतले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून तापीखोऱ्याच्या आगगाडीने आलेली असंख्य मराठी कुटुंबे येथे व शेजारच्या उधना-लिंबायत वस्त्यांत स्थिरावली. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, तर कोणी साड्यांच्या बाजारात पोट भरतो. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती असा त्यांचा त्रैभाषिक संसार आहे.

अशा घरांतील जुन्या पत्र्याच्या ट्रंका उघडल्या, तर तळाशी काही पत्रे आणि फोटो हमखास मिळतात. फोटोत सुरतेस नवीन आलेला तरुण कडक इस्त्रीचा सदरा घालून, स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभा असतो. मनगटावरील घड्याळ बहुधा उसने असते. सोबतच्या पत्रात ‘इकडील सर्व क्षेम असून तिकडील खुशाली कळवावी’ एवढाच मजकूर असतो. बारा तासांची पाळी, मागांचा कानठळ्या बसविणारा खडखडाट, एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारी आठ-दहा माणसे, यांपैकी काहीही त्या फोटोत नाही व पत्रातही नाही. म्हणून तो फोटो खोटा ठरत नाही. मात्र तो पुराही नव्हे. आईने काळजी करू नये म्हणून मुलाने जे झाकले, ते झाकलेलेच ठेवून तो काढलेला असतो.

येथे झाकण्यामागे माया आहे. परंतु परमुलखात गेलेला माणूस मजूर म्हणून न जाता मालक म्हणून जातो, तेव्हा त्याची पत्रे आणि छायाचित्रे कशी वाचावीत? तो काय दाखवितो आणि काय झाकतो? हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाही. एका देशात याच प्रश्नाच्या उत्तरावर हजारो वृद्ध माणसांचा न्याय अवलंबून होता. त्या देशाकडे वळण्यापूर्वी मात्र सुरतेच्याच दप्तरात डोकावणे उपयोगाचे होईल, कारण परक्यांचे कागद वाचण्याचा धडा मराठी माणसाने येथेच गिरविला आहे.

1613 साली जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांची कोठी सुरतेत कायम झाली. हे कोठीवाले भाड्याच्या वाड्यात राहत. त्यांच्या पत्रांत नीळ, सुती कापड, भाव, गलबते आणि मोगल अंमलदारांच्या तक्रारी यांचीच गर्दी असे. जमीन त्यांनी मागितली नाही, कारण त्यांना येथे नांगर धरावयाचा नव्हता. मेलेल्यांसाठी मात्र भूमी लागली. कतारगामच्या रस्त्यावरील इंग्रजी कबरस्तानात ऑक्झेंडन बंधूंचे भव्य थडगे आजही उभे आहे. त्या कोठीवाल्यांनी सुरतेत कायमचे घर बांधले असेल, तर ते एवढेच!

6 जानेवारी 1664 रोजी शिवाजी महाराज गणदेवीच्या मार्गाने येऊन सुरतेच्या बऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर एका बागेत उतरले. त्या दरवाज्यातून निघणारी वाट तापीच्या काठाने खानदेशाकडे जाते. पुढे डिंडोलीकरांना सुरतेस आणणारी आगगाडी त्याच दिशेने धावू लागली. त्या पाच दिवसांची हकीकत इंग्रजांनी लिहून ठेवली. कोठीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन याच्या कारभारातील पत्रे आहेत. कोठीचा धर्मोपदेशक एस्कॅलियट याने विलायतेतील विद्वान थॉमस ब्राऊन यास धाडलेले पत्र आहे. महाराजांच्या छावणीत पकडला गेलेला अँथनी स्मिथ याने सांगितलेला वृत्तांतही आहे. या कागदांत महाराजांना बंडखोर व लुटारू म्हटले आहे. तथापि त्याच एस्कॅलियटच्या पत्रात महाराजांची मध्यम उंची, ताठ अंगलट आणि चपळ, भेदक नजर यांचे वर्णन येते. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे की, सुरतेतील कापुचिन मठास आणि फादर अँब्रोझ यांस महाराजांनी धक्का लागू दिला नाही. शत्रूच्या लेखणीतून उतरलेले हे शब्द मराठी इतिहाससंशोधकांनी टाकून दिले नाहीत. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने 1931 साली इंग्रजी दप्तरातील शिवकालीन पत्रांचा मोठा संग्रह छापला. शिवी बाजूस ठेवावयाची आणि तिच्यासोबत नकळत आलेली तारीख, आकडा, चेहरा, धास्ती पदरात पाडून घ्यावयाची, अशी ती पद्धत होती.

आता त्या दुसऱ्या देशाकडे जाऊ. तो देश पूर्व आफ्रिकेतील केनिया होय. पश्चिम भारताच्या किनाऱ्याशी त्याचा संबंध फार जुना. कच्छ-काठेवाडचे व्यापारी, सुरतेशी धर्मपीठाचे नाते राखणारे दाऊदी बोहरे आणि गोव्याचे ख्रिस्ती तेथे शिडाच्या गलबतांतून, पुढे आगबोटींतून जात आले. परंतु 1895 साली इंग्रजांनी तेथे आपले संरक्षित राज्य जाहीर केले, ते सुरतेच्या कोठीहून अगदी निराळ्या जातीचे होते. कोठीवाला माल घेतो व परत जातो. वसाहतवाला जमीन घेतो आणि राहतो. तेथे आधीपासून राहणारा मनुष्य कोठीवाल्यास गिऱ्हाईक म्हणून हवा असतो. वसाहतवाल्यास तो मजूर म्हणून हवा असतो आणि शेजारी म्हणून नको असतो.

1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून 31,983 मजूर नेले. त्यांपैकी 2,493 मेले आणि 6,724 तेथेच राहिले. मार्ग झाला, पण त्यावरून नेण्यास माल नव्हता. म्हणून उंचावरील थंड, सुपीक प्रदेशात गोरे शेतकरी आणून बसविण्याचे धोरण ठरले. 1902 च्या कायद्याने जमिनी 99 वर्षांच्या पट्ट्याने मिळू लागल्या. 1915 साली ती मुदत 999 वर्षे झाली. एवढ्या मुदतीला भाडेपट्टा म्हणणे हा कायद्याच्या भाषेतला विनोदच म्हणावयाचा. लोहमार्गासाठी हाडे झिजविणाऱ्या हिंदी माणसाला या उंच प्रदेशात शेतजमीन घेण्यास मज्जाव झाला, आणि 1923 साली लंडनने तो मज्जाव कायम केला.

त्या काळातील वसाहतवाल्यांची छायाचित्रे ठरावीक साच्याची असतात. लांबरुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, पायाशी कुत्रा, मारलेल्या सिंहावर ठेवलेला बूट आणि मागे एका रांगेत उभे असलेले नोकर. फोटोखाली धन्याचे नाव, धनिणीचे नाव, पुष्कळदा कुत्र्याचेही नाव असते. नोकरांना नाव नसते. पन्नाशीच्या माणसालाही ‘बॉय’ म्हणण्याची तेथे रीत होती. दुसऱ्या एका प्रकारच्या छायाचित्रांत माणूसच नसतो. क्षितिजापर्यंत गवत आणि वर मोठे आकाश. हे चित्र विलायतेत फार परिणाम करी. रिकामी भूमी पडली आहे, या आणि नांगरा, असे जणू ते सांगे.

भूमी रिकामी दिसली हे खरे. ती का रिकामी झाली, हे काचेच्या पट्टीवर उमटत नाही. 1890 च्या सुमारास आलेल्या बुळकांडीने मसाई लोकांची गुरे साफ झाली. पाठोपाठ देवीची साथ आणि दुष्काळ यांनी किकुयु प्रदेशातील वस्तीही उजाड केली. माणसे मागे सरली होती, त्यांनी हक्क सोडला नव्हता. पीक काढून झाल्यावर शेत मोकळे दिसते, म्हणून ते बेवारशी आहे असे खानदेशातला कोणताही शेतकरी म्हणणार नाही. मसाईंना तर 1904 आणि 1911 अशा दोन करारांनी त्यांच्या उत्तम कुरणांतून हलविण्यात आले. ज्या माळाचा फोटो ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून भिंतीवर लागे, त्याच्यामागे पुष्कळदा असा करारनामा उभा असे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कॅमेऱ्यामागे नेहमीच गोरा माणूस नव्हता. झांजीबारमधील ए. सी. गोम्स आणि कुटिन्हो बंधू हे त्या किनाऱ्यावरचे नामांकित छायाचित्रकार मूळ गोव्याचे. सुलतानाचे दरबारी, व्यापारी, बंदर, बाजार, हस्तिदंताचे ढीग हे सर्व त्यांनी टिपले, आणि त्यांची चित्रे पोस्टकार्डांवर छापून जगभर गेली. काचेवर मसाल्याचा थर दिलेल्या त्या पट्ट्या जड आणि महाग असत; प्रत्येक पट्टी वापरण्यापूर्वी ‘हे कोण विकत घेईल?’ असा विचार करावाच लागे. त्यामुळे गोव्याच्या माणसाने काढलेल्या चित्रांतही आवड-निवड पुष्कळदा युरोपीय गिऱ्हाइकाचीच दिसते. कारागीर आपला, पण नजर भाड्याने दिलेली!

नैरोबीच्या प्रारंभकाळातील एक फोटो मात्र पाहणाऱ्यास हसविल्यावाचून राहत नाही. त्यात एक पोशाखी गृहस्थ चक्क झेब्र्यावर स्वार झाले आहेत. हे डॉ. रोझेंडो आयरिश रिबेरो, गोव्याचे. 1900 साली ते नैरोबीस आले आणि तंबूत दवाखाना थाटून माणसाळविलेल्या झेब्र्यावरून रोग्यांकडे जाऊ लागले. 1902 साली तेथील हिंदी बाजारात प्लेग असल्याचे त्यांनी ओळखले आणि सरकारला कळविले. सरकारने बाजार जाळून टाकला. झेब्र्याचा फोटो शंभर पुस्तकांत सापडतो. जळालेल्या बाजारातील दुकानदार त्या रात्री कोठे झोपले, हे मात्र कोणत्याही पोस्टकार्डावर दिसत नाही. पुढे डॉक्टरांच्या देणगीतून गोवेकर मुलांची शाळा उभी राहिली आणि त्यांचे नाव नैरोबीत टिकले.

गोवेकरांची बाजूही उजळून दाखविण्याचे कारण नाही. कचेऱ्यांतील कारकून, शिंपी आणि आचारी एकाच आगबोटीतून गेले, पण नैरोबीत त्यांचे क्लब वेगवेगळे झाले. कारकुनांच्या संस्थेत शिंप्यास प्रवेश नव्हता, म्हणून शिंप्यांनी संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने आपली मंडळी काढली. एकाच देवळात गुडघे टेकणाऱ्यांची ही गत! क्लबांच्या वार्षिक फोटोंत ही उतरंड आपोआप दिसते. कोण खुर्चीत आहे, कोण उभा आहे आणि कोण फोटोतच नाही, एवढे पाहिले की पुरे.

वसाहतवाल्यांच्या पत्रांकडे वळताना एका लेखिकेचे नाव प्रथम घ्यावे लागते. डेन्मार्कची कारेन ब्लिक्सन 1914 साली केनियात आली आणि 1931 पर्यंत न्गाँग टेकड्यांच्या पायथ्याशी कॉफीचा मळा चालवीत होती. तिने आईला आणि भावाला लिहिलेली पत्रे तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. पाऊस न येणे, कॉफीला न मानवणारी उंची, बँकेचे देणे, आजार, एकटेपण असे सारे त्यांत मोकळेपणाने आले आहे. तिच्या मळ्यावर किकुयु कुटुंबे राहत. वर्षातील ठरावीक दिवस मळ्यावर राबण्याच्या अटीवर त्यांना झोपडी आणि तुकडाभर शेत मिळे. कायद्याच्या भाषेत ती जागा बळकावून बसलेली माणसे होत. वस्तुतः त्यांच्यापैकी कित्येकांचे वाडवडील त्याच परिसरात नांदले होते. ब्लिक्सनला त्यांच्याविषयी खरा जिव्हाळा होता. मळा विकला गेल्यावर त्या कुटुंबांना एकत्र राहण्यास जागा मिळावी म्हणून तिने सरकारदरबारी खेटे घातले. तरीही जमीन मुळात आपल्या हाती कशी आली, हा प्रश्न जिव्हाळ्याच्या पत्रांत क्वचितच डोके वर काढतो. वाईट माणसाचे पत्र वाचणे सोपे असते. भल्या माणसाचे पत्र वाचताना अधिक सावध राहावे लागते.

आफ्रिकी माणसाच्या वाट्याला जो कागद आला, तो निराळाच होता. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषास ‘किपांडे’ नावाचा दाखला बाळगण्याची सक्ती झाली. त्यावर बोटांचे ठसे, पूर्वीच्या धन्याचे नाव आणि मजुरी यांची नोंद असे. धातूच्या लहान डबीत घालून तो गळ्यात अडकवीत. धन्याने सही केल्यावाचून नोकरी सोडता येत नसे. सुरत जिल्ह्यातून दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या व्यापाऱ्यांनाही अशा कागदाची ओळख होती. ट्रान्सवालमध्ये बोटांच्या ठशांचे दाखले सक्तीचे झाले, तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर गांधीजींच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. वसाहतवाल्याचा फोटो घराच्या भिंतीवर लागे. मजुराच्या बोटांचे ठसे मात्र पोलिसांच्या फडताळात जात.

पुढे हा सारा प्रकार रक्तावर गेला. जमीन गमावलेल्या किकुयु लोकांतून माऊ माऊ या नावाने ओळखली जाणारी चळवळ उठली आणि ऑक्टोबर 1952 मध्ये सरकारने आणीबाणी पुकारली. जानेवारी 1953 मध्ये रक नावाचे एक गोरे जोडपे आणि त्यांचा लहान मुलगा यांची मळ्यावर निर्घृण हत्या झाली. त्या मुलाच्या खोलीचा, रक्ताने माखलेल्या बिछान्याचा आणि विखुरलेल्या खेळण्यांचा फोटो जगभर झळकला. तो पाहून कोणाचेही मन विदीर्ण व्हावे, असाच तो होता. परंतु त्या आणीबाणीत मारले गेलेले गोरे वसाहतवाले एकंदर 32. फासावर चढविलेले आफ्रिकी हजारावर, आणि छावण्यांत कोंडलेले हजारोंच्या घरात. त्यांच्या बिछान्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

याच काळात नैरोबीत भारताचे पहिले आयुक्त होते औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत. 1948 ते 1954 या वर्षांत त्यांनी आफ्रिकी तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. त्यांची आफ्रिकी पुढाऱ्यांशी असलेली जवळीक गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत सलू लागली होती. गोव्याचा पियो गामा पिंटो तर थेट तुरुंगात गेला. नैरोबीत 1927 साली जन्मलेला, गोव्यात शिकलेला हा तरुण 1954 साली स्थानबद्ध झाला, पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेत बसला आणि 24 फेब्रुवारी 1965 रोजी स्वतःच्या घराबाहेर गोळीस बळी पडला.

छावण्यांत काय चालले आहे हे सरकारी पत्रव्यवहारात नोंदले जात होतेच. मार्च 1959 मध्ये होला येथील छावणीत अकरा कैदी मारहाणीत मेले. प्रथम जाहीर झाले की पाणी पिण्यामुळे ते दगावले! त्याआधी, 1957 साली, वसाहतीचा महाधिवक्ता ग्रिफिथ-जोन्स याने गव्हर्नर बेरिंग यास लिहिलेल्या पत्रात, पाप करावयाचेच असेल तर ते गुपचूप करावे लागेल, अशा आशयाचे वाक्य आहे. धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणाऱ्यांना गुप्ततेचे महत्त्व ठाऊक असते. परंतु तेथे गुप्तता पश्चात्तापाच्या सोयीसाठी असते, पापाच्या नव्हे.

1963 साली केनिया स्वतंत्र झाला. त्यापूर्वी अडचणीचे कागद निवडून काही जाळण्यात आले आणि काही विमानाने व आगबोटीने विलायतेस नेण्यात आले. अशा 37 वसाहतींची सुमारे 8,800 दप्तरे हॅन्सलोप पार्क येथील सरकारी इमारतीत पडून होती. 2009 साली पाच वृद्ध केनियावासीयांनी लंडनच्या न्यायालयात छळाबद्दल दावा लावला. त्यांच्या अंगावर व्रण होते, पण न्यायालयास कागद लागतो. डेव्हिड अँडरसन, कॅरोलाइन एल्किन्स आणि ह्यू बेनेट हे इतिहासकार साक्षीस उभे राहिले. कागद असलेच पाहिजेत, असा आग्रह धरला गेला आणि 2011 साली सरकारला त्या दप्तरांचे अस्तित्व मान्य करावे लागले. गव्हर्नरास धाडलेली पत्रे, छावण्यांचे अहवाल, मारहाणीस दिलेली संमती असे सारे बाहेर आले. वसाहतवाल्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेला कागद त्यांच्याविरुद्धच साक्ष देऊ लागला. जून 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत खेद व्यक्त केला आणि 5,228 जणांना मिळून 1 कोटी 99 लाख पौंड देण्याचे कबूल केले. ज्यांचे नाव कोणत्याच फोटोखाली नव्हते, त्यांची नावे या वेळी यादीत एकेक करून लिहावी लागली. तोवर पाचांपैकी एक दावेदार निधन पावला होता.

त्याच तडजोडीनुसार नैरोबीच्या उहुरू उद्यानात सप्टेंबर 2015 मध्ये एक स्मारक उभे राहिले. त्यात एक स्त्री रानातील लढवय्यास अन्नाची टोपली देत आहे. देणारी आणि घेणारा, दोघांनीही तोंडे फिरविलेली आहेत. पकडले गेल्यास एकाने दुसऱ्याचा चेहरा ओळखू नये, म्हणून.